आईचं नाव छापणाऱ्या कुलगुरू

मुंबई विद्यापीठाच्या माजी कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख यांच्या कारकिर्दीवरचा तुमचा लेख आवडला. फक्त कुलगुरूपदावर (१९९५ ते २०००) फार भर झालाय. त्याआधी त्या परळच्या केईएम रुग्णालयात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करायच्या, मग शीवच्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. त्यावर दोनच ओळी? आमच्या रत्नागिरीकडचा आजारी माणूस तेव्हा रातराणी एसटीत बसायचा तो थेट परळला उतरायचा, केईएम म्हणजे आम्हाला घरचंच.

पदवीवर आईचं नाव त्यांच्या पुढाकाराने आलं, हे मात्र बरं लिहिलंत. आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाचंच. माझ्या धाकट्या भावाच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव छापून आलं तेव्हा चौथी शिकलेली आमची आई चष्मा लावून दोनदा वाचत बसली. बाबा म्हणाले, ‘अगो, फी मी भरली!’ मग तिनेच ते फ्रेम करून घेतलं.

आता सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत. पण शिकवायला अनुभवी प्राध्यापक इथे येऊन टिकणार का? माझी भाची यंदा मेडिकलची ‘नीट’ परीक्षा देतेय, म्हणून विचारतेय.