३,०६७ रुपये

गावच्या घराच्या साफसफाई-दुरुस्तीचा हिशेब मी घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर आज सकाळी दादाचा, म्हणजे थोरल्या काकांच्या मुलाचा, मेसेज आला. "आम्ही सांगितलं होतं का साफसफाई करायला?" खाली दोघांचे अंगठे. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितेय. दादा हे वाचेल. वाचू दे.

दापोली तालुक्यातलं आमचं घर आणि भोवतालची जागा आजोबांनी स्वतःच्या कमाईवर घेतलेली. त्यांच्या मागे चार भावंडांचे चार सारखे हिस्से, त्यात आत्याचाही आला. आज सातबाऱ्यावर सात नावं आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात मागच्या पडवीची कौलं उडाली, तेव्हा आढ्यावर एक निळी ताडपत्री टाकली. ती तात्पुरती होती. पुढच्या प्रत्येक गणपतीत "यंदा कौलांचं बघू या" असं म्हणून सगळे आपापल्या गाडीत बसले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि हे दोघंच गेलो. रानमोडी आणि घाणेरी पार खळ्यापर्यंत आलेली, न्हाणीघर कुठे आहे ते दिसेना. माजघराच्या चौकटीला नुसता अंगठा टेकवला तर तो आत गेला. वर रंग शाबूत, आत वाळवीची माती. मी अंगठा बाहेर काढला आणि तिथेच उंबऱ्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी पलीकडचे काका आले, हातात कोयता. म्हणाले, "यंदा उशीर केलात गो, मी डिसेंबरातच कापून घेतलंय." मला कळेना. मग त्यांनी गडग्यापाशी, म्हणजे मधल्या दगडी कुंपणापाशी नेऊन दाखवलं. आमच्या बाजूला, आमच्या जागेत, दहा फूट रुंदीचा पट्टा साफ कापलेला. तीन वर्षं ते स्वतःच्या पैशाने गडी लावून आमचं गवत कापताहेत. आमचं रान पेटलं तर त्यांची हापूसची कलमं जातील म्हणून.

मी दोन हजार काढले. ते म्हणाले, "ठेव ते. आधी कौलं घाल."

ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही त्याने तीन वर्षं आमचा खर्च केला, आणि ज्यांची नावं आहेत ते विचारतात, सांगितलं होतं का?

हिशेब ग्रुपवर टाकलाय, इथेही टाकते. ग्रासकटरवाले दोघं, चार दिवस, ९,६०० रुपये. विहिरीचा गाळ ८,०००. कौलं, वासे आणि सुताराची मजुरी १५,७००. वाळवीचं औषध ३,५००. एकूण ३६,८००. एका हिश्श्याला ९,२०० येतात. आमच्यात मी आणि भाऊ, प्रत्येकी ४,६००. थोरल्या काकांची तीन मुलं, म्हणजे दादाच्या वाट्याला ३,०६७ रुपये. वर्षाचे नव्हेत, सहा वर्षांत पहिल्यांदाच.

आणि गेल्या साली आमची कलमं करारावर दिली तेव्हा? तेव्हा याच दादाने हिश्श्याचा तिसरा भाग रुपयापर्यंत मोजून घेतला. "तू लग्न होऊन गेलीस, तुला गावच्या घराशी काय करायचंय" हेही तेव्हाच ऐकवलं. घ्यायला मी परकी आणि गाळ उपसायला घरची, हे मी चालवून घेणार नाही.

खर्चाआधी सगळ्यांना विचारायला हवं होतं, हे मान्य. विचारलं असतं तर अजून दोन पावसाळे गेले असते, हेही तुम्ही मान्य करा. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक कौल फुटलं की पाणी वाशावर, वासा कुजला की आढं बसतं, आणि आढं बसलं की मातीत रचलेला चिरा किती दिवस उभा राहणार? घर आपलं एकमत होईपर्यंत थांबत नाही.

नको असेल तर वाटप करा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे जमिनीचं वाटप होतं. तीनदा कागद तयार केले, तीनदा एकाच माणसाची सही राहिली. कोणाची ते ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. वाटप नको, खर्च नको, नाव मात्र हवं.

दुपारी आत्याचा फोन आला. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांमुळे आता तिला गावी जाववत नाही, पेन्शनवर भागवते. तिने ९,२०० पाठवलेत, सगळेच्या सगळे. मी म्हटलं, आत्या, निम्मे दे, बाकीचं मी बघते. तर म्हणाली, "विहिरीला पाणी कसं लागलं ते सांग." गाळ काढल्यावर खालचा कातळ दिसला म्हटलं, तर कितीतरी वेळ बोलली नाही.

तिच्याशी बोलल्यावर राग जरा उतरला. बडोद्याच्या भावाची नोकरी गेलीय, हे मला आजच कळलं. तू पैसे देऊ नकोस रे. गणपतीला चार दिवस आधी ये, पडवीची थोडी कामं राहिलीत. तेही हिश्श्यात धरू.

दादा, तुझे ३,०६७ मला पाऊस सुरू व्हायच्या आत हवेत. सुताराचे निम्मे पैसे अजून द्यायचेत, आणि तो गावातच राहतो, रोज आपल्या दारावरून जातो.

आणि येत्या डिसेंबरात गडग्यालगतचं दहा फूट गवत काकांच्या आधी आपण कापायचं आहे. मी जाणार. कोण येतंय ते आजच ग्रुपवर सांगा.