ट्रकचा फिल्टर चालता चालता कसा साफ होतो : एका फिरत्या संदेशाला उत्तर

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या ट्रकमालकांच्या व चालकांच्या मोबाइलवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे असे : बीएस-६ या प्रदूषण-नियमांनुसार बनलेल्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये बसवलेला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, चालत्या गाडीत आपोआप साफ होतो ही कंपन्यांची थाप आहे. गाडी उभी करून डिझेल जाळल्याशिवाय तो मोकळा होत नाही. धुरात फवारला जाणारा युरिया (अ‍ॅडब्लू) चांगला असेल तरच तो टिकतो. थंड देशांसाठी केलेली ही वस्तू खानदेशच्या उन्हात तग धरत नाही. रिजन, म्हणजे काजळी जाळून फिल्टर मोकळा करण्याची क्रिया, सुरू असताना कापसाच्या गाड्या पेटतात. म्हणून शहाण्याने फिल्टर कापून टाकावा आणि एव्हरेज वाढवून घ्यावा, असा त्याचा मजकूर आहे. मी बरीच वर्षे डिझेल इंजिनांचेच काम करतो आहे, आणि हा संदेश वाचून चांगला फिल्टर कापून मागणारी माणसे माझ्याकडे येऊ लागली आहेत. म्हणून त्यातील एकेका दाव्याचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या दाव्यातील गैरसमज फिल्टरला ‘जाळी’ म्हणण्यापासूनच सुरू होतो. डाळमिलमधल्या चाळणीसारखे काहीतरी सायलेन्सरमध्ये बसवले आहे आणि त्याची भोके बुजली की ते कुणीतरी काढून झटकलेच पाहिजे, असे चित्र त्या शब्दामुळे डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात तो भाजलेल्या मातीच्या जातीच्या सच्छिद्र पदार्थाचा ठोकळा असतो आणि त्यात मधाच्या पोळ्यासारख्या हजारो बारीक नळ्या असतात. शेजारच्या नळ्या आलटून पालटून एकेका टोकाला बुजवलेल्या असल्यामुळे आत शिरलेल्या धुराला पुढे वाट मिळत नाही. त्याला नळीच्या भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जावे लागते, आणि वायू पलीकडे जाताना काजळी अलीकडेच भिंतीला चिकटून राहते. ही काजळी म्हणजे जवळजवळ निव्वळ कोळसा आहे, आणि कोळसा झटकावा लागत नाही, तो जळतो.

चुलीवरचा तवा उलटा केल्यावर त्याच्या बुडाच्या काजळीत लाल ठिणग्या पळताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या आहेत. घरातील बाया त्याला ‘तवा हसतो’ म्हणतात आणि पाहुणे येणार असे सांगतात. तिथे बुडाची काजळी स्वतःच जळत असते. फिल्टरमध्ये घडते ते याच जातीचे आहे, फक्त त्याच्या दोन रीती आहेत आणि संदेश लिहिणाऱ्याला त्यांपैकी एकच माहीत असावी.

हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने काजळी जळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि भरलेल्या ट्रकच्या धुरातही एवढी उष्णता सहसा नसते. म्हणून फिल्टरच्या आधी प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा थर दिलेला आणखी एक ठोकळा बसवतात. इंजिनातून येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडपैकी काही भागाचे तो नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतो, आणि हा वायू प्राणवायूपेक्षा फार कमी उष्णतेत, म्हणजे २५० अंशांच्या पुढे, काजळीला खाऊ लागतो. सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघालेली गाडी किंवा सुरत-धुळे-नागपूर महामार्गावर एका चालीने जाणारी भरलेली गाडी बहुतेक वेळ ३०० ते ४०० अंशांचा धूर सोडत असते. घाट चढताना तर तो याहूनही तापतो. म्हणजे काजळी साचणे आणि जळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू असतात. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, जादा डिझेल जळत नाही आणि चालकाला काही कळतही नाही. कळत नाही म्हणून ते घडतच नाही, असे मानण्यात या दाव्याची मूळ चूक आहे.

दुसरी रीत तेव्हा कामाला येते, जेव्हा पहिलीला पुरेशी उष्णता मिळत नाही. फिल्टरच्या आधी व नंतर धुराचा दाब किती आहे हे एक सेन्सर मोजत असतो. त्यावरून, तसेच इंजिन किती वेळ व कसे चालले या हिशोबावरून गाडीतील संगणक साचलेल्या काजळीचा अंदाज बांधतो. ती ठरावीक मर्यादेला पोहोचली की थोडे डिझेल उशिरा सिलिंडरमध्ये किंवा थेट धुराच्या नळीत फवारले जाते, ते त्या आधीच्या ठोकळ्यात जळते आणि फिल्टरपाशी सुमारे ६०० अंशांची उष्णता तयार होते. हेसुद्धा चालत्या गाडीत होते आणि साधारण वीस ते चाळीस मिनिटांत उरकते. गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्रावर, म्हणजे स्कॅनरवर, धुराचे तापमान चढताना व दाब उतरताना मी कितीतरी वेळा पाहिले आहे. ज्याच्याजवळ स्कॅनर नाही त्याने गाडी पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाशी आतून बोट फिरवावे. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळजवळ कोरडे आणि स्वच्छ निघते, जुन्या बीएस-३ गाडीत ते काळे होते.

उभ्या गाडीत रिजन मारावाच लागतो, हा दुसरा दावा काही गाड्यांच्या बाबतीत खरा आहे, आणि तो कोणत्या हे नीट समजून घेतले पाहिजे. भुसावळच्या मालधक्क्यावरून गोदामापर्यंत खताच्या गोण्या नेणारी, जळगावच्या एमआयडीसीतच दिवसभर चकरा मारणारी, किंवा दीपनगरच्या वीजकेंद्रातून राख भरण्यासाठी रांगेत इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी पुरेशी तापतच नाही. इंजिन नुसते चालू असले की धूर १०० ते २०० अंशांच्या आसपास राहतो आणि त्यात काजळी जळत नाही, नुसती साचते. संगणक फवारणी सुरू करतो, तोवर चालक इंजिन बंद करून जेवायला जातो आणि रिजन अर्धवट राहतो. असे पुनःपुन्हा झाले की शेवटी दिवा लागतो आणि उभ्याने रिजन करणे भाग पडते. अर्धवट राहिलेल्या रिजनचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही : सिलिंडरमध्ये उशिरा फवारलेल्या डिझेलपैकी थोडे पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरते आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर त्यात डिझेल उतरले असल्याची शंका घ्यावी आणि ऑइल ताबडतोब बदलावे.

ज्यांच्या गाड्या जवळच्या जवळ फिरतात त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा तरी भरलेल्या गाडीला महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चाल द्यावी. शिवाय रिजन चालू असल्याची खूण दिसली, तर ते पुरे होईपर्यंत इंजिन बंद करू नये.

युरियाबद्दलचा दावा सरळ चुकीचा आहे. अ‍ॅडब्लू म्हणजे शुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरिया, आणि ट्रकमध्ये तो बहुधा फिल्टरच्या पुढे, म्हणजे धूर गाळून झाल्यानंतर फवारला जातो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी करणे एवढेच त्याचे काम आहे. काजळीशी त्याची गाठच पडत नाही. युरिया संपला तरी गाडीची ताकद कमी केली जाते आणि फिल्टर तुंबला तरी तेच होते, म्हणून चालक दोन्हींची सांगड घालतात. निकृष्ट युरियाने त्याची स्वतःची यंत्रणा बिघडते, हे मात्र खरे आहे.

फिल्टरला मारते ते दुसरेच. गंधक त्या आधीच्या ठोकळ्यावरील धातूंचे काम मंदावते, म्हणूनच १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू करताना डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. बायोडिझेल म्हणून रस्त्याच्या कडेला विकले जाणारे स्वस्त तेल टाकीत ओतणारा माणूस ही सगळी व्यवस्था स्वतःच्या हाताने मोडत असतो. तसेच इंजिन ऑइलचे आहे. ऑइलमधील कॅल्शियम, जस्त इत्यादी द्रव्ये जळून त्यांची राख होते, आणि राख पुन्हा जळत नाही. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जळून गेल्यावर चुलीत उरणारी राख जशी हातानेच काढावी लागते, तशी ही राख काही लाख किलोमीटरनंतर फिल्टर खोलून, यंत्रावर हवेच्या झोताने काढावी लागते. ‘कधीच साफ करावा लागत नाही’ असे एखादा विक्रेता सांगत असेल तर तोही चूकच सांगतो. मात्र कंपनीने सांगितलेले कमी राखेचे ऑइल वापरले तर हा दिवस पुष्कळ लांबतो, आणि तेजाब किंवा जोरदार पाण्याचा फवारा मारून रस्त्यावर फिल्टर धुतला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो.

खानदेशच्या उन्हाचा दावा ऐकायला पटणारा आहे, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंशांची आच आपण सगळेच सोसतो. परंतु जी वस्तू ६०० अंशांत काम करण्यासाठीच घडवली आहे, तिला ४५ अंशांची झळ काय लागणार? उलट, थंड हवेत धूर लवकर निवतो आणि रिजनला अधिक डिझेल लागते. या एका बाबतीत आपले ऊन फिल्टरच्या बाजूचे आहे.

आगीच्या मुद्द्यावर मात्र मी संदेश लिहिणाऱ्याला खोटे म्हणणार नाही. काजळी फिल्टरच्या आत, पत्र्याच्या कवचात जळते, तिची ज्वाला बाहेर येत नाही. परंतु कवच आणि बाहेर पडणारा धूर त्या वेळी नेहमीपेक्षा बराच तापलेला असतो. जिनिंगच्या आवारात जमिनीवर सरकी आणि कापसाचा पुंजका पसरलेला असतो, केळीच्या बागेजवळ वाळलेली पाने असतात, आणि तिथे उभ्याने रिजन लावणे हा खरोखर धोका आहे. बहुतेक गाड्यांत रिजन थोपवण्याचे बटण याचसाठी दिलेले असते. जिनिंगच्या फाटकात शिरण्यापूर्वी ते दाबावे आणि बाहेर महामार्गावर आल्यावर आठवणीने सोडावे. ते तसेच दाबलेले ठेवणाऱ्या चालकांच्या गाड्या पुढे तुंबतात आणि दोष फिल्टरला लागतो.

राहिला कापून टाकण्याचा सल्ला. फिल्टर काढल्यावर धुराचा अडथळा थोडा कमी होतो आणि रिजनचे डिझेल वाचते, हे मान्य आहे. परंतु त्यासाठी संगणकाची मांडणी बदलावी लागते, सेन्सर फसवावे लागतात आणि पुढच्या प्रत्येक बिघाडात खरे कारण शोधणे अवघड होऊन बसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असा फेरफार करता येत नाही, आणि प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. रावेर-सावद्याला गाडीत केळी भरणारा हमाल तासन्‌तास गाडीपाशीच वावरत असतो, आणि इंजिन चालू असेल तर तो धूर थेट त्याच्या छातीत जातो. त्याला न विचारता त्याच्या श्वासात काजळी सोडण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, हे मला खरोखर कळत नाही.

याच संदेशाच्या भरवशावर एक मालक मध्यंतरी आपली दहा चाकी गाडी घेऊन माझ्याकडे आला. वर्षभरात तीन वेळा त्याचा फिल्टर तुंबला होता, दुसऱ्या एका गॅरेजने तिन्ही वेळा तो काढून धुऊन दिला होता, आणि आता तो कापूनच टाक, असा त्याचा आग्रह होता. मी आधी टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, पाइप सोडला, तर आतून ऑइल ओघळत होते. टर्बोचे सील गेले होते, ऑइल धुरात जळत होते, आणि फिल्टरने ती सगळी घाण गपगुमान अडवून धरली होती. टर्बो दुरुस्त केला, हवेचा फिल्टर बदलला, स्कॅनर लावून एकदा उभ्याने रिजन पूर्ण केला आणि गाडी मुक्ताईनगरपर्यंत भरून पळवून आणायला सांगितली. परत आल्यावर दाबाचा आकडा पूर्ववत झाला होता. गाडीत आजही तोच फिल्टर आहे.