नालंदात म्हणे नोकरीसाठी कोणी शिकत नव्हतं!

बिहारमधल्या प्राचीन नालंदा विद्यापीठावरचा, घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलेला मेसेज एव्हाना तुमच्याकडेही पोचला असेल. 'नालंदात ज्ञान सर्वांना खुलं होतं, नोकरीसाठी कोणी शिकत नव्हतं. मेकॉलेने ब्रिटिश संसदेत भाषण करून ते मोडलं आणि कारकून तयार करायला विद्यापीठं काढली. डिग्री म्हणजे गुलामीचा दाखला.' एरवी सोडून दिलं असतं. पण खाली काकांची स्वतःची भर आहे, 'पोरीला कशाला बीए करायला लावता?' पोरगी म्हणजे माझी चुलतबहीण, आणि तिचे वडील विचारात पडलेत.

इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याचं आधी उरकतो. भाषणाची तारीख २ फेब्रुवारी १८३५ सांगतात. त्या दिवशी साहेब लंडनला नव्हतेच, हिंदुस्थानात होते. त्यांचं शिक्षणावरचं टिपण त्याच तारखेचं आहे, त्या भाषणाची म्हणून फिरणारी वाक्यं त्यात नाहीत.

'सर्वांना खुलं'? ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाच्या वर्णनानुसार नालंदाच्या दारातच प्रश्न विचारत, आणि दहातले सात-आठ तिथूनच परत फिरत.

आता 'नोकरीसाठी नाही' हा मुद्दा. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू नालंदात अनेक वर्षं राहिला. तो लिहितो की नालंदात किंवा सौराष्ट्रातल्या वलभीला दोन-तीन वर्षं काढली की विद्वान मंडळी राजदरबारी जात, तिथे आपली बुद्धी दाखवत, आणि राज्यकारभारात नेमणूक व्हावी अशी त्यांची इच्छा असे. ही प्लेसमेंट नाही तर काय? भिक्षू धर्मासाठी शिकत, हे खरंच. पण शेजारच्याच आसनावर दरबाराकडे डोळे लावून बसलेलाही कोणी होता. युरोपातही तेच, इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात पोरं कायदा शिकायला जात ती पोटापाण्यासाठीच. विद्यापीठाने संशोधनही करावं, हा आग्रह १८१० च्या बर्लिन विद्यापीठापासून जोर धरू लागला.

कारकुनांची गोष्ट अर्धी खरी आहे, मान्य. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य दिलं. १८५४ च्या वुडच्या खलित्यातही, म्हणजे शिक्षणाबद्दलच्या सरकारी आदेशपत्रातही, भरवशाचे नोकर मिळावेत हा हेतू आहे. १८५७ चं मुंबई विद्यापीठ तर लंडनच्या धर्तीवर नुसत्या परीक्षा घ्यायचं, शिकवायची कॉलेजं.

पण त्याच विद्यापीठातून १८६२ साली बीए झालेल्या पहिल्या तुकडीत रानडे आणि भांडारकर होते. रानडे सरकारी नोकरीतच न्यायाधीश झाले, आणि नोकरी सांभाळून प्रार्थना समाजापासून सार्वजनिक सभेपर्यंत सगळीकडे होते. काकांनी 'गुलामीचा दाखला' हे शब्द एकदा या दोघांच्या नावापुढे लिहून बघावेत.