घरचं कुत्रं भारतात आणता येतं

"२०१६ पासून परदेशातून कुत्रं आणायला बंदी आहे, आणलंच तर महिनाभर क्वारंटाइन" असा मेसेज परतीची बांधाबांध करणाऱ्या मराठी मंडळींत फिरतोय. तो अर्धवट आहे.

एप्रिल २०१६ ची बंदी विक्रीसाठी आणि पैदाशीसाठी आणल्या जाणाऱ्या कुत्र्यांवर आहे. सलग दोन वर्षं बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला कस्टम्सच्या प्रवासी-सामानाच्या नियमांखाली दोन पाळीव प्राणी आणता येतात. सुट्टीवर येणाऱ्याला ही सोय नाही. गोंधळ बहुधा इथेच झाला असावा.

महिन्याचं म्हणाल तर रेबीजची लस प्रवासाच्या किमान ३० दिवस आधी, पण वर्षाच्या आतली हवी. शिवाय तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचा दाखला आणि इथल्या पशु संगरोध (म्हणजे क्वारंटाइन) खात्याचं ना हरकत पत्र. कागद चोख आणि जनावर ठणठणीत असेल तर विमानतळावरच्या तपासणीनंतर घरी नेता येतं. कागदच नसतील तर अडकवतात, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या शेरूच्या लसपुस्तिकेत १५ आकडी मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) नंबरातला एक आकडा चुकला होता. निघायच्या आठवडाभर आधी बायकोच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं. तो नंबर आजच ताडून बघा.