सूट सरकारची, क्षमा कोणाची?

सरकारने शिक्षा कमी केली म्हणजे गुन्हाही माफ झाला, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. बिल्किस बानो प्रकरणावर मायदेशी झालेले वाद कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात बसून वाचताना मला घोळ नेमका इथेच दिसला.

२००२ च्या गुजरात दंगलीत बिल्किस यांच्यावर झालेला सामूहिक बलात्कार आणि हत्या यांबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या ११ जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले आणि तुरुंगाबाहेर त्यांना मिठाई भरवली गेली. खटला मुंबईत चालून शिक्षाही तिथेच झाली असल्याने सूट देण्याचा अधिकार महाराष्ट्राचा होता, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली.

'चौदा वर्षे भोगली, आता आणखी किती सडवायचे?' हा सुटकेच्या बाजूने विचारला गेलेला प्रश्न मला गैर वाटत नाही. वकील न परवडणाऱ्या, घरच्यांनीही टाकलेल्या कैद्याला सूट हाच एक आधार असतो. पण इतका मोठा निर्णय घेण्याआधी माझ्या सुरक्षिततेची कोणी विचारपूसही केली नाही, ही बिल्किस यांची तक्रार त्या प्रश्नाने खोडली जात नाही.

कॅनडात नोंदणी केलेल्या पीडिताला पॅरोलच्या, म्हणजे अटींवर होणाऱ्या मुदतपूर्व सुटकेच्या, सुनावणीची तारीख कळवली जाते आणि पॅरोल मंडळासमोर आपले निवेदन स्वतः वाचून दाखवता येते. त्याची लेखी प्रत आधीच गुन्हेगाराच्या हाती गेलेली असते. नकाराधिकार पीडिताला नाही, आणि तो नसावाच, नाहीतर शिक्षेचा सूड व्हायला वेळ लागणार नाही. जन्मठेपेचा कैदी पॅरोलवर सुटला तरी मरेपर्यंत देखरेखीखाली राहतो.

इथेही सारे आलबेल नाही. नोंदणी न केलेल्याला आपणहून कोणी काही कळवत नाही. शिवाय दिलगिरी म्हणजे दिवाणी दाव्यात जबाबदारीची कबुली नव्हे, असा कायदाच ओंटारिओने २००९ मध्ये केला. त्याने माफी मागणे सोपे झाले खरे, पण स्वस्तही झाले, असे माझे मत आहे.

सूट देण्यापूर्वी शिक्षा ठोठावणाऱ्या न्यायाधीशाचे मत मागवण्याची तरतूद भारतीय कायद्यात आहे. पीडिताचे म्हणणे ऐकण्याबद्दल ते कलम काही बोलत नाही. क्षमा करायची की नाही हे तिचे तिने ठरवावे. सरकारने निदान सुटकेची तारीख तिला आधी कळवावी आणि तिचे म्हणणे फायलीत लावावे.