बर्नस्टॉर्फचा वाडा आणि रस्त्याकडेचा खांब

मुलगी कोपनहेगनला असते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात महिनाभर तिकडे होते. उत्तरेला गेन्टोफ्तला बर्नस्टॉर्फचा वाडा आहे, तो बघायला गेलो. राजवाडा म्हणावा तर आटोपशीरच. दोन मजले, पांढऱ्या भिंती, पुढे हिरवळ.

या वाड्याची ओळख सगळे 'युरोपच्या सासऱ्याचं घर' अशी करून देतात. खोटं नाही ते. ख्रिश्चन नववे डेन्मार्कचे राजे व्हायच्या आधी, 1854 पासून, उन्हाळ्यात इथे राहायचे. घरात पैसा बेताचा, मुली स्वतःचे कपडे स्वतः शिवायच्या. त्यातली अलेक्झांड्रा पुढे इंग्लंडची राणी झाली, दागमार रशियाची सम्राज्ञी, आणि एक भाऊ ग्रीसचा राजा. लेकी-जावई, नातवंडं उन्हाळ्यात इथे जमायची. ख्रिश्चन यांची राणी लुईझ 1898 मध्ये इथेच वारली.

पण मला विचाराल तर या घराची खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे, आणि ती आधी सांगायला हवी.

घर बांधलं डेन्मार्कचे परराष्ट्रमंत्री योहान हार्टविग अर्न्स्ट बर्नस्टॉर्फ यांनी, 1760 च्या आसपास. जमीन राजाने दिलेली, आराखडा जार्दँ या फ्रेंच वास्तुकाराचा. त्या काळी डेन्मार्कमधली कुळं जमीनदाराच्या शेतात वेठ भरायची. आपलं पीक कापणीला आलेलं असलं तरी आधी धन्याचं शेत. त्यात स्वतःची जमीन म्हणजे इथे एक पट्टी, तिथे एक पट्टी. बर्नस्टॉर्फनी आपल्या कुळांची वेठ बंद केली, विखुरलेले तुकडे एकत्र करून दिले आणि वहिवाट वारसाहक्काने त्यांच्याकडे राहील असं केलं. कुळांना जमिनीशी बांधून ठेवणारा कायदा देशात रद्द व्हायला 1788 उजाडलं. हे त्याच्या वीसेक वर्षं आधीचं!

1770 मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. 1772 मध्ये हॅम्बुर्गला वारले. सत्ता नाही, माणूसही नाही, म्हणजे खूश करायला कोणी उरलं नव्हतं. तरी 1783 मध्ये त्याच कुळांनी त्यांच्या नावाने दगडी खांब उभारला. अकरा वर्षांनी!

वाड्यावरून परतताना मुलीला म्हटलं, तो खांब बघितल्याशिवाय मी घरी येणार नाही. रस्त्याच्या कडेला आहे, बाजूने गाड्या सुसाट. मी चप्पल काढून दगडाला हात लावला. उन्हाने तापला होता.