जाण्यायेण्याचं बघू की!

व्यक्तिचित्र काढताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे मी सलग तीन तास टक लावून बघू शकतो. डोळ्यांखालच्या पिशव्या, दुहेरी हनुवटी, कशाचीच भीड वाटत नाही. पण जाण्यायेण्याचा खर्च मागायची वेळ आली की हाच मी त्याच्या चपलांकडे बघत पुटपुटतो.

फोनवर सगळं गोड असतं. "तुम्ही या तर खरं, जाण्यायेण्याचं बघू की!" या 'बघू'चा कर्ता कोण, ते वाक्यात नसतं. आजवर बघत आलोय तो मीच.

चित्रकार खिशात पेन्सिल टाकून निघतो, असा एक गोड समज आहे. माझं म्हणजे बिऱ्हाड असतं: ईझल (चित्र उभं करायची घोडी), रंगपेटी, कॅनव्हास. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन ज्वालाग्राही, म्हणून विमानात नेता येत नाही. ते तिथे पोचल्यावर शोधत हिंडायचं. परतताना आणखी मजा. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही; हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतो. त्याला कित्येक दिवस लागतात, जाड थर असला तर आठवडे. तोवर यजमानांचं ओलं तोंड सांभाळत प्रवास! एकदा त्यांचा डावा कान शेजारच्या प्रवाशाच्या बाहीवर गेला. तो धुलाईखर्च कोणाच्या नावावर लिहायचा?

एकदा धीर करून बिल दिलं. साहेबांनी चष्मा लावला.

"तीन फेऱ्या?"

"दुसऱ्या बैठकीनंतर तुम्ही मिशी काढलीत. तिसरी फेरी मिशीची."

"मग? न्हाव्याचे पैसे मी तुमच्याकडे मागितले का?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

ड्यूररसारखा थोर जर्मन चित्रकारही यातून सुटला नाही, एवढंच समाधान. १५२०-२१ मध्ये तो नेदरलँड्समध्ये फिरला आणि मुक्काम, बक्षिसी, जुगारात घालवलेले पैसे, सगळं वहीत टिपत गेला. किनाऱ्याला लागलेला देवमासा बघायला धावला, तर हा पोचेपर्यंत मासा वाहून गेलेला. लोकांची चित्रं काढली, काहींनी छदामही दिला नाही. शेवटी त्याने एकूण व्यवहारात तोटाच झाल्याचं लिहून ठेवलं. निदान त्याने वही तरी ठेवली; माझा हिशेब तिकिटांच्या मागे असतो आणि तिकिटं पँटबरोबर धुतली जातात.

या वेळी मात्र आधीच लेखी कळवलं: अर्धे पैसे आगाऊ, प्रवासखर्च वेगळा. उत्तर लगेच आलं, सगळं मान्य! सोबत चक्क तिकीटही.

जाण्याचं. येण्याचं बघू की, म्हणाले.